झाड फुललं तर बघू

वरची वाडी, पोस्ट देवरूख
२८ सप्टेंबर

तेजस्वी,

मी तुझ्याशी बोलणार नाही असं पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं आणि मी शब्दाचा माणूस आहे. पण लिहिणार नाही असं कुठे म्हणालो नव्हतो. तेव्हा या पत्राचा भलता अर्थ काढू नये. विषय फक्त झाडाचा आहे.

तू हिमाचलहून आईच्या नावाने पाठवलेली बियांची पुडी श्रावणात पोचली. डेल्फिनियम. हे नाव घेताना आपल्या गंगाराम गुरवाची कवळी निसटते. आईने पुडी माझ्या हातात दिली, कारण तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मागच्या पायरीवर शेवाळावरून घसरली. आता बरी आहे. तुला फोनवर तिने 'किरकोळ लागलंय' असं सांगितलं असणार.

पुडी हलकीच वाटली, पण परक्या मुलखात बियाणं महाग असेल असं समजलो. ते फडक्यात बांधून चुलीवरच्या माळ्यावर ठेवलं, आपण वालाचं, काकडीचं ठेवतो तसं. धूर बसला की कीड लागत नाही हे तुला सांगायला नको. मग पाऊस जरा उघडल्यावर परसात वाफा केला, शेणखत घातलं आणि पेरलं. एक कोंब वर आला नाही. बियाणं खोटं आहे असं माझं मत झालं आहे. तुझ्या नवऱ्याच्या नर्सरीत असलाच माल मिळतो का, ते तू बघ. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत आहे.

दुसरी गोष्ट. गणपतीपासून आईचं पालुपद चालू आहे की यंदा शिमग्याला तेजूला बोलवा, पालखी अंगणात आली की देवीची ओटी तिला भरू दे. काल जेवताना पुन्हा तेच. मी वैतागून म्हटलं, तुझ्या लेकीचं ते झाड फुललं तर बघू. 'बघू' म्हणालो. बोलावतो म्हणालो नाही. आईने मला न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. ते आईकडून फोनवर घे.

आप्पा

१४ ऑक्टोबर

तेजस्वी,

तुझं पत्र मिळालं. त्यात झाडाशिवाय एक अक्षर नाही. हट्टीपणात तू कोणावर गेलीस हे आईला विचारू नकोस, ती माझंच नाव घेईल.

हे बर्फाकडचं बी, गारव्यात ठेवायचं, उबेनं त्याचा जीव जातो, असं तू लिहिलं आहेस. असेल. धुरावर ठेवलेलं बी मेलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. राखणीचा आपल्याला जो एक प्रकार ठाऊक तोच मी केला आणि त्यानेच ते गेलं. नर्सरीबद्दल जे लिहिलं होतं ते मागे घेतो.

आता ती जादा भाकरी का वाढली गेली ते ऐक. गेल्या आठवड्यात मी फ्रिजमध्ये ताक शोधत होतो. भाजीच्या कप्प्यात, कोकमाच्या बाटलीमागे, श्रीखंडाचा जुना डबा. उघडला तर आत ओली माती आणि मातीवर हिरवे ठिपके. शेजारच्या येसूबाईकडून माती भरून घेऊन तुझ्या आईने डाव्या हाताने पेरलेले. मी डबा तिच्यासमोर धरला.

"ह्ये काय?"

"तेजूचं झाड. तिनं फोनवर सांगितलान, थंडीत ठेव म्हणून. निम्मं तुमाला दिलं, निम्मं मी ठेवलंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारलात कुठं? पुडी घेतलात नि चढलात माळ्यावर."

म्हणजे मी 'फुललं तर बघू' म्हणालो तेव्हा हा डबा माझ्या पाठीमागे गारव्यात बसलेला होता आणि तिला ते माहीत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई अशी आतल्या गाठीची असेल असं वाटलं नव्हतं.

असो. शब्द गेला तो गेला. रोपं मेली तर मीच मारली असं ती जन्मभर म्हणेल, म्हणून त्यांची निगा मी स्वतः करणार आहे. डबा बाहेर काढला. पडवीत पाण्याच्या माठाशेजारी ओल्या गोणपाटावर ठेवला आहे, तिथे उजेड येतो आणि ऊन येत नाही. पुढचं कळव. माती कुठली लागते? आपली तांबडी, जांभ्याची, तुला माहीतच आहे. आईला विचारायला सांगितलं तर ती खताचं विसरते आणि नातीने, सानवीने, दूध प्यायलं का तेच विचारत बसते.

आप्पा

२३ नोव्हेंबर

चि. तेजस्वी,

तू लिहिल्याप्रमाणे आपली माती त्याला आंबट पडते, म्हणून रत्नागिरीहून शिंपल्यांचा चुना आणला आणि वाफ्यात मिसळला. जागा फणसाच्या पूर्वेला धरली. सकाळचं ऊन मिळतं, दुपारी सावली. पाणी पानांवर न घालता मुळाशी घालतो. एवढे लाड मी हापूसच्या कलमांचे केले नाहीत.

रोपं चांगली धरली होती, पण आपल्याकडच्या गोगलगायींना या पाल्याची चव लागली. एका सकाळी बघतो तर नुसते देठ. तीनच उरली आहेत. आता सभोवती चुलीतली राख पसरतो आणि रोज सकाळी एकेक पान उलटं करून बघतो. परवा रघू गावकर कुंपणाशी थांबला. म्हणाला, "आप्पा, भाताची झोडणी टाकून गोगलगायी राखतोस की काय रे?" मी म्हटलं, "तुझ्या गावकीच्या बैठकीत बसण्यापेक्षा बरं." तो हसला. आम्ही बरोबरीचे, पण तो गावचा मानकरी, गावकर असल्यामुळे त्याच्या हसण्यातही गावकी असते.

रघूवरून आठवलं म्हणून लिहितो. पाच वर्षांपूर्वी शिमग्याला तू नवऱ्याला घेऊन आलीस, न सांगता लग्न करून. पालखी अंगणात बसलेली. ओटीचं ताट घेऊन तू पुढे झालीस आणि रघूने विचारलं की ही कुठल्या घरची म्हणून ओटी भरणार. त्यावर पुष्कळ बोललं गेलं. पण मला लागलं ते वेगळंच. तू न जेवता गेलीस. पुरणपोळ्या झाकून ठेवलेल्या होत्या. आईने त्या दुसऱ्या दिवशी गाईला घातल्या. हे मी विसरलेलो नाही.

सानवीचा आवाज ऐकला. मी मुद्दाम ऐकला नाही, आईने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता आणि मी दाराआड पंचा शोधत होतो. तिने मराठीत विचारलं, "फुलाला राखणारे आजोबा कुठे आहेत?" आई म्हणाली, "इथंच हायत, दाराआड." पंचा आधीच खांद्यावर होता.

तिला मराठी शिकवलीस हे बरं केलंस.

आप्पा

१८ जानेवारी

तेजस्वी,

तू आमच्या दारात विष पाठवलंस.

फुटव्यांची दाटी झाली की बारीक काढून टाका आणि जोमदार तेवढे ठेवा, असं तूच लिहिलंस. काढले. कोवळा हिरवागार पाला. आपल्या घरात भाजीचं देठसुद्धा वाया जात नाही, मी तो गव्हाणीत टाकला. दुपारी चांदी थरथरायला लागली. चांदी म्हणजे कपिलेची पाडी, तू तिला पाहिलेली नाहीस. तोंडाला लाळ, मागचे पाय लुळे, आडवीच झाली. देवरूखहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी उरलेली पानं बघितली आणि मला विचारलं, "ही गुरांना कोणी घातली?" माझ्या घरात, माझ्या गोठ्यात, मला विचारलं.

इंजेक्शनं दिली आहेत. डोकं चढाच्या बाजूला ठेवा, पोट फुगू देऊ नका, म्हणाले. आई तिची मान मांडीवर घेऊन बसली आहे. वाचली तर वाचली.

झाडं उद्या उपटतो. शिमग्याचं नाव आता कोणी काढू नये.

आप्पा

२२ जानेवारी

चि. तेजस्वी,

आधीचं पत्र पोचलं असेल तर चुलीत घाल. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं. चांदी उठली. काल गवत खाल्लं आणि आज येसूबाईच्या अळूत शिरली, म्हणजे पूर्ण बरी आहे.

आईने मला काय सुनावलं ते लिहितो, म्हणजे तुला समाधान वाटेल. "आवो, तुमाला दोनदा सांगितलंय, ह्यो पाला गुरांना दावू नका म्हणून. तेजूनं पयल्याच दिवशी बजावलान. पन तुमचे कान गावकीत नि डोळे गोगलगायींत." तिने सांगितलं होतं हे खरं. मी ऐकलं नसेन, किंवा ऐकलं असेल आणि तू पाठवलेल्या वस्तूत विष असेल हे मनाला पटलं नसेल. विचार करता हे दुसरं कारणच खरं वाटतं.

झाडं उपटायला मी गेलो होतो. कुदळ घेऊन. आई आडवी आली असं लिहायला मला आवडलं असतं, पण ती गोठ्यात होती. मी एकटाच होतो. वाफ्यात मी घातलेल्या चुन्याचे पांढरे कण अजून दिसत होते. तिन्ही झाडं थंडीत अशी तरारली होती की जणू त्यांना आपल्या गोठ्यात काय झालं याचा पत्ताच नाही. आणि कसा असणार? झाडाने कोणाला खा म्हटलं नव्हतं. मी कुदळ ठेवली आणि चिव्याच्या, बारीक बांबूच्या काठ्या तोडून आणल्या. उंच वाढणार म्हणालीस, वाऱ्याला मोडतात म्हणालीस, म्हणून आत्ताच आधार दिला. केळीच्या सोपटाने सैल बांधलं आहे.

एक मात्र झालं. येसूबाईने डॉक्टर येताना बघितले आणि गावभर केलं की आप्पाच्या लेकीनं विष धाडलान. बाया विहिरीवर बोलतात. मी लक्ष देत नाही, पण ऐकू येतं.

जपून राहा. तिकडे बर्फ पडतो म्हणून आई सांगत होती.

आप्पा

१५ फेब्रुवारी

चि. तेजू,

अनेक आशीर्वाद. सानवीलाही.

फुललं.

तीनपैकी एक वाऱ्याने मोडलं, एक अजून कळ्यांत आहे, पण मधलं फुललं. दांडा माझ्या छातीला लागतो. खालच्या फुलांपासून उमलत वर जायला लागलंय, शेंड्याला अजून हिरव्या कळ्या आहेत. निळा रंग आपल्याकडे गोकर्णीचा बघितलेला, पण हा तसा नाही. आरे-वारेच्या चढावरून उन्हात समुद्र दिसतो, तो निळा. मी बराच वेळ उभा राहिलो. मग आईला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी म्हटलं, "अगो, फूल तर हाय." ती म्हणाली, "तुमाला फूलच दिसणार." मी पंच्याने तोंड पुसलं.

मध्ये एका कार्डावर मी विचारलं होतं की पावसाळ्यात ही झाडं कुठे ठेवू, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा येतील. तू लिहिलंस की तुमच्याकडे ती बर्फाखाली मुळाशी झोपतात आणि उन्हाळ्यात परत फुटतात, बारा वर्षंही टिकतात, पण कोकणचा पाऊस त्यांना सोसणार नाही, मुळं कुजतील, नाद सोडा. वाईट वाटलं. आधी वाटलं आपली माती कमी पडली. मग वाटलं झाडच नाजूक. दोन्ही खरं नाही. ते तिथे बारमाही आहे कारण त्याला तिथे जे हवं ते मिळतं. इथे ते पाहुणं म्हणून आलं, आणि आलं हेच खूप. तू त्या मुलखात राहतेस, त्या घरात तुझं मूळ धरलं आहे, आणि मी इतकी वर्षं वाट बघत होतो की तू चूक कबूल करून इथे परत रुजायला येशील. हे मी झाडाबद्दल लिहायला बसलो होतो. राहू दे, खोडत नाही.

'फुललं तर बघू' म्हणालो होतो. बघितलं. शिमग्याला ये. तुझ्या नवऱ्यालाही घेऊन ये. होळी यंदा मार्चच्या सुरुवातीलाच आहे, पालखी आपल्याकडे त्याच आठवड्यात येईल. तिकिटं काढ.

काल गावकीच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं, "यंदा माझ्या अंगणात देवीची ओटी माझी लेक भरील. जावई संगती असेल." मग रघू म्हणाला, "आप्पा, तुझी लेक आमची लेक. पन तिच्या हातचं आलं नि तुझी पाडी मरता मरता राह्यली. माणसं घाबरलीत. आपुन आपल्या मनानं नको. देवीला कौल लावू. ती हो म्हणाली तर मीच तुझ्या लेकीला पाट मांडीन."

मी कबूल झालो. आजवर आपल्या घराने कौलाबाहेर काही केलेलं नाही. पेरणी, लग्न, तुझ्या वेळी आई अडली होती तेव्हा देवरूखला न्यायची की रत्नागिरीला, सगळं देवीलाच विचारलं. ती नाही म्हणायची नाही. चांदीला तिनेच उठवलं, नाही का? पुढच्या मंगळवारी कौल आहे.

पालखीवर चढवायला ही फुलं देऊ का, असं गंगारामाला विचारलं. तो म्हणाला, नाव घेता येत नाही ते फूल देवीला कसं वाहू. त्याचंही बरोबर आहे.

आप्पा

२५ फेब्रुवारी

चि. तेजू,

आईने काल फोनवर सांगितलंच असेल. तरी हे माझ्या हातचं तुझ्याकडे असावं म्हणून लिहितो आणि स्पीड पोस्टाने टाकतो.

मंगळवारी सकाळी देवळात गेलो. सगळी गावकी होती. गंगारामाने देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि गाऱ्हाणं घातलं. "आई, ह्या आप्पाच्या लेकीच्या हातची ओटी तू घेशील तर उजवी दे, न्हाय तर डावी दे." आम्ही सगळे हात जोडून उभे. मला खात्री होती. इतकी खात्री की मी रघूच्या तोंडाकडे बघत होतो, त्याचं तोंड कसं होतं ते बघायला.

डावी पडली.

गंगारामाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तो काही वाईट माणूस नाही. रघूसुद्धा जिंकल्यासारखा दिसला नाही. हळूच म्हणाला, "आप्पा, आता बोलायचं काय राह्यलं न्हाय."

मी नारळ घेऊन गेलो होतो तो देवीपुढे ठेवला. पाया पडलो. आणि मला स्वतःलाच ऐकू आलं की मी बोलतो आहे. "आई, तुझं मी ऐकलं. तू ओटी घेणार न्हायस. पन माझी लेक येणार."

 देवळात एकदम गलका झाला. आप्पानं कौल मोडलान. रघू म्हणाला, "असं केलंस तर पालखी तुझ्या अंगणात यायची न्हाय. पालखीला पयला खांदा द्यायचा मानही तुझ्या घराचा राह्यचा न्हाय." मी म्हटलं, "खांदा तुझ्या भावाला दे. त्याची उंची बरोबर आहे."

हे मी सहज बोललो असं समजू नकोस. पालखीखाली मी मिसरूड फुटायच्या आधी बापाबरोबर उभा राहिलो. होळी आली की माझा खांदा आपोआप शिवशिवतो.  घरी येताना वाटेतल्या दगडी गडग्यावर टेकलो आणि रडलो. पालखीसाठी रडलो, खोटं कशाला सांगू. देवीवर रागावलो नाही. तिने तिचं उत्तर दिलं. चूक विचारण्यात झाली. ओटी तिने घ्यावी की नाही हे तिचं. पण माझी मुलगी माझ्या घरी यावी की नाही, हे मी चारचौघांत उभा राहून दुसऱ्या कोणाला विचारायला गेलोच का?

आई उंबऱ्यात बसली होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

"डावी?"

"डावी."

"पालखी?"

"येणार न्हाय."

 ती माझ्यापेक्षा देवभोळी, तुला माहीत आहे. मला वाटलं आता ही कपाळाला हात लावेल. तिने विचारलं, "नि तेजू?"

"तेजू येणार. मी देवीला तसं सांगून आलोय."

ती उठली, आत गेली, आणि ट्रंक ओढल्याचा आवाज आला. बघतो तर जमिनीवर खण मांडलेले. दर शिमग्याला एक, दर वर्षीचा घेऊन ठेवलेला, मला न सांगता. वर एक लहानसं परकर-पोलकंही होतं. मला म्हणाली, "देवीची ओटी एक वरीस राह्यली तर ती समजून घेईल. लेकीची किती वरसं राह्यलीय."

तेव्हा तुम्ही तिघं या. गावात कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायला मी अंगणात उभा असेन, तुम्ही नुसतं चालत घरात या. आई तुझी ओटी भरेल. जावईबापूंना आमचं तिखट चालतं का ते कळव. आणि या वेळी जेवल्याशिवाय उठायचं नाही.

कौल मोडला म्हणून मनात भीती धरू नकोस. देवीचं आणि माझं मी बघून घेईन.

तुझा
आप्पा